पिवळा दिवा, काळे आकाश : रस्त्यांवरील उजेडाचा आणि वेधशाळांचा शतकभराचा इतिहास

१.
१७ जानेवारी १९९४. पहाटेचे साडेचार. लॉस एंजेलिस महानगरातील नॉर्थरिज परिसराला भूकंपाचा तीव्र धक्का बसला आणि शहराची वीज गेली. घाबरलेली माणसे अंधारात रस्त्यावर आली. त्यानंतर तेथील ग्रिफिथ वेधशाळेत दूरध्वनी येऊ लागले. लोक विचारत होते, भूकंपानंतर आकाश एवढे विचित्र का दिसत होते? वेधशाळेचे संचालक एड क्रुप यांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे. आकाशात विचित्र असे काहीच घडले नव्हते. पथदिवे विझले होते, म्हणून तारे दिसू लागले होते.

२.
माणसांना आपल्याच डोक्यावरचे आकाश अनोळखी वाटावे, ही अवस्था एका रात्रीत आलेली नव्हती. त्यातही विपर्यास असा की, याच शहराच्या पाठीशी असलेल्या डोंगरावरून विश्वाचा विस्तार माणसाला प्रथम उमगला होता. रस्त्यांवरील दिव्यांनी ते आकाश कसे पुसले आणि त्याच देशातील एका लहान शहराने, मोठा महामार्ग दारातून जात असतानाही, आपले आकाश कसे राखले, याचा हा इतिहास.

३.
खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एलरी हेल यांनी १९०४ साली माउंट विल्सन वेधशाळेची स्थापना केली. सुमारे १,७४० मीटर उंचीचा हा डोंगर. तेथील हवा विलक्षण स्थिर असल्याने ताऱ्यांची प्रतिमा थरथरत नसे. १९१७ साली तेथे १०० इंच व्यासाची हूकर दुर्बीण उभी राहिली. त्या काळातील ती जगातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. १९२३च्या ऑक्टोबरमध्ये एडविन हबल यांना याच दुर्बिणीतून देवयानीच्या तेजोमेघात एक सेफीड प्रकारचा रूपविकारी तारा सापडला. त्यावरून तिचे अंतर काढता आले आणि देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले.

४.
त्याच वेळी डोंगराच्या पायथ्याशी दुसरी एक गोष्ट वाढत होती. १९०० साली लॉस एंजेलिसची लोकसंख्या सुमारे एक लाख होती. १९३० साली ती बारा लाखांवर गेली. शहर आडवे पसरले, मोटारी आल्या, लांबच लांब रस्ते आले आणि रस्त्यांबरोबर दिवे आले. दिव्यांचा काही प्रकाश थेट वर जातो, तर काही रस्त्यावर आपटून परावर्तित होतो. हवेतील रेणू आणि धूलिकण तो चहूकडे विखुरतात. त्यातून आकाशाच्या पार्श्वभूमीवर एक फिकट पडदा तयार होतो. तारा मंद झालेला नसतो, पण ज्या काळ्या पार्श्वभूमीवर तो दिसायचा ती उरत नाही.

५.
या पडद्याने नेमके किती झाकले होते, हे दुसऱ्या महायुद्धाने दाखवून दिले. १९४१च्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि किनारपट्टीवरील शहरांत दिवे मंद करण्याचे आदेश निघाले. माउंट विल्सनवरील बहुतेक शास्त्रज्ञ युद्धकार्यात गुंतले. वॉल्टर बाडे मात्र जन्माने जर्मन. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांच्यावर निर्बंध होते आणि युद्धकार्यात त्यांना स्थान नव्हते. त्यामुळे १०० इंची दुर्बीण आणि अंधारलेले लॉस एंजेलिस या दोहोंचा लाभ त्यांना एकाच वेळी मिळाला.

६.
देवयानीच्या मध्यभागी तोवर केवळ धूसर उजेड दिसत असे. तेथील तारे कोणालाच सुटे सुटे टिपता आले नव्हते. बाडे यांनी तांबड्या प्रकाशाला संवेदनशील असलेल्या काचपट्ट्या वापरल्या, दीर्घ काळ प्रकाश साठवला आणि १९४३ साली ते तारे वेगवेगळे टिपले. त्यांचे निष्कर्ष १९४४ साली प्रसिद्ध झाले. ताऱ्यांची दोन भिन्न कुळे असतात, हे त्यातून पुढे आले. या वर्गीकरणामुळे सेफीड ताऱ्यांच्या मोजणीतील एक जुनी चूक उघडी पडली आणि १९५२ साली बाडे यांनी जाहीर केले की, दीर्घिकांची अंतरे आजवर मानली गेली त्याच्या सुमारे दुप्पट आहेत. युद्ध संपले आणि शहराचे दिवे पुन्हा लागले.

७.
आता थोडे मागे, युरोपात जाऊ. १९३२ साली नेदरलँड्सच्या लिम्बर्ग प्रांतात बेक आणि खेलेन या दोन गावांमधील रस्त्यावर फिलिप्स कंपनीने नव्या प्रकारचे दिवे बसवले. काचेच्या नळीत सोडियमची वाफ आणि तिच्यातून जाणारी वीज, अशी त्यांची रचना होती. त्यांचा प्रकाश गर्द पिवळा होता. तंतूच्या दिव्यापेक्षा हा दिवा तेवढ्याच विजेत कित्येक पटींनी अधिक उजेड देई. मैलोन्‌मैल रस्ते उजळायचे असतील तर विजेचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. त्यामुळे रस्तेबांधणी करणाऱ्या खात्यांना हा दिवा फार सोयीचा वाटला.

८.
या दिव्याला एक मोठी खोड होती. कमी दाबाच्या सोडियमच्या वाफेतून जवळजवळ एकाच रंगाचा प्रकाश निघतो. त्याची तरंगलांबी सुमारे ५८९ नॅनोमीटर असते. त्यामुळे या दिव्याखाली लाल मोटार आणि हिरवी मोटार सारखीच मळकट दिसते आणि माणसांचे चेहरे निस्तेज वाटतात. बाजारपेठांनी म्हणूनच त्याला नाके मुरडली. रस्त्यासाठी चालेल, दुकानासमोर नको, असा त्याचा लौकिक झाला. हीच खोड पुढे खगोलशास्त्राला वरदान ठरणार होती.

९.
कारण सोपे आहे. ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीतून आल्यावर शास्त्रज्ञ तो रंगारंगांत उलगडतात. पांढऱ्या दिव्याचा प्रकाश सगळ्याच रंगांत मिसळलेला असल्याने तो वेगळा काढता येत नाही. पाऱ्याच्या वाफेचे निळसर दिवेही अनेक रंगांत लुडबूड करतात. कमी दाबाच्या सोडियमची घाण मात्र वर्णपटाच्या एका अरुंद पट्टीतच साचते. तेवढी पट्टी गाळणीने वगळली की उरलेला वर्णपट जवळजवळ स्वच्छ राहतो. जो दिवा सौंदर्यदृष्टीने सर्वांत कुरूप, तोच आकाशाच्या दृष्टीने सर्वांत सभ्य निघाला.

१०.
आता पुन्हा अमेरिकेत, अ‍ॅरिझोना राज्यातील फ्लॅगस्टाफ येथे. १८९४ साली पर्सिव्हल लॉवेल यांनी येथे वेधशाळा उभारली. व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२पासून येथे दूरच्या तेजोमेघांचे वर्णपट घेतले आणि त्यांतील बहुतेक आपल्यापासून दूर जात असल्याचे दाखवले. १९३० साली कॅन्सासमधील शेतकरी घरातून आलेल्या क्लाइड टॉमबॉ या तरुणाने येथेच प्लूटो शोधला. एका बाजूने मात्र हे गाव वाहतुकीचे ठाणे होते. रेल्वे आधीच होती. १९२६ साली प्रसिद्ध रूट ६६ महामार्ग गावातूनच आखला गेला. पुढे दोन आंतरराज्य महामार्गही येथेच येऊन मिळाले.

११.
१९५५ साली अमेरिकेच्या नौदल वेधशाळेने राजधानी वॉशिंग्टनमधील उजळलेले आकाश सोडून फ्लॅगस्टाफजवळ केंद्र उघडले आणि आपली ४० इंची दुर्बीण तेथे हलवली. ज्या संस्थेने राजधानीतून काढता पाय घेतला होता, तिला नव्या ठिकाणीही तोच अनुभव यावा, हे फ्लॅगस्टाफला परवडणारे नव्हते. १९७८ साली याच केंद्रातील छायाचित्रांत जेम्स क्रिस्टी यांना प्लूटोच्या ठिपक्याला एक बारीक फुगवटा दिसला. तो प्लूटोचा चंद्र कॅरन निघाला. ग्रह आणि त्याचा चंद्र, दोन्ही एकाच गावच्या अंधारात सापडले.

१२.
पण त्याआधीच गावाने एक पाऊल उचलले होते. त्या काळी अमेरिकेत दुकाने आणि मोटारविक्रेते जाहिरातीसाठी आकाशात प्रचंड शोधझोत फिरवीत. हे झोत वेधांच्या आड येऊ लागले. १५ एप्रिल १९५८ रोजी फ्लॅगस्टाफच्या नगरपरिषदेने जाहिरातीच्या शोधझोतांवर बंदी घालणारा स्थानिक कायदा मंजूर केला. उल्लंघन करणाऱ्यास ३०० डॉलरपर्यंत दंड किंवा ९० दिवसांपर्यंत कैद होऊ शकत असे. रात्रीच्या आकाशाच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्यांतील हा अगदी आरंभीचा कायदा मानला जातो.

१३.
झोत थांबले तरी पथदिव्यांचा प्रश्न उरलाच होता. शहर नेमके किती दूरवर आकाश उजळते? कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे मर्ल वॉकर यांनी १९७०च्या दशकात प्रत्यक्ष मोजमापे करून एक ढोबळ नियम मांडला : शहराची लोकसंख्या जेवढी जास्त, तेवढी आकाशातील चकाकी जास्त, आणि अंतर दुप्पट केले की चकाकी साडेपाच पटींहून अधिक घटते. यामुळे वेधशाळांना प्रथमच आकड्यांत बोलता येऊ लागले. १९७२ साली टूसॉन शहरानेही दिव्यांचा कायदा केला. किट पीक येथील राष्ट्रीय वेधशाळा त्या शहरापासून जवळच होती.

१४.
लिक वेधशाळेच्या पायथ्याशी सॅन होजे हे वेगाने वाढणारे शहर होते. १९८० साली त्या शहराने पथदिव्यांसाठी कमी दाबाचे सोडियम दिवे स्वीकारले. रहिवाशांना तो पिवळा उजेड फारसा आवडला नाही, तरी शहराने तो दीर्घकाळ चालू ठेवला. त्याच्या कृतज्ञतेपोटी खगोलशास्त्रज्ञांनी ६२१६ क्रमांकाच्या लघुग्रहाला सॅन होजेचे नाव दिले. पथदिव्यांची निवड योग्य केली म्हणून एखाद्या नगराचे नाव आकाशात जावे, ही इतिहासातील दुर्मीळ गोष्ट म्हणावी लागेल.

१५.
लॉस एंजेलिसला मात्र फार उशीर झाला होता. १९८५ साली कार्नेगी संस्थेने माउंट विल्सनवरील १०० इंची दुर्बिणीचे काम थांबवले. अतिदूरच्या फिकट दीर्घिकांचा वेध तेथून घेण्याजोगा राहिला नव्हता. पुढे स्वतंत्र संस्थेने ती पुन्हा चालवली, पण तोवर मोठ्या खगोलशास्त्राने चिलीतील आणि हवाईतील निर्जन शिखरांकडे मुक्काम हलवला होता. दुर्बीण शाबूत होती आणि डोंगरावरची हवाही पूर्वीइतकीच स्थिर होती. हरवला होता तो फक्त अंधार.

१६.
फ्लॅगस्टाफ आणि कोकोनिनो परगण्याने १९८९ साली आणखी पुढचा नियम केला. एक एकर जागेत एकूण किती प्रकाश वापरता येईल, याची मर्यादाच त्यांनी घालून दिली. दिवे वरून झाकलेले असावेत आणि वेधशाळांजवळ मर्यादा अधिक कडक असावी, असे ठरले. १९८८ साली टूसॉनमध्ये डेव्हिड क्रॉफर्ड आणि टिम हंटर यांनी स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००१ साली फ्लॅगस्टाफला जगातील पहिले ‘अंधाऱ्या आकाशाचे शहर’ म्हणून गौरवले. आज तेथे सुमारे ७५ हजार लोक राहतात आणि शहरात उभे राहूनही आकाशगंगेचा पट्टा दिसू शकतो.

१७.
येथे एक रास्त आक्षेप उभा राहतो : महामार्गावर उजेड नसेल तर अपघात होणार नाहीत का? याचे उत्तर देशोदेशी वेगळे दिले गेले. बेल्जियमने आपले जवळजवळ सगळेच द्रुतगती मार्ग उजळून टाकले. अंतराळातून घेतलेल्या रात्रीच्या छायाचित्रांत त्या देशाचे रस्ते पिवळ्या जाळीसारखे उठून दिसत. अमेरिकेतील ग्रामीण भागातले आंतरराज्य महामार्ग मात्र बहुतांशी अंधारेच राहिले. तेथे चालकाची भिस्त वाहनाचे दिवे, चमकणाऱ्या खुणा आणि परावर्तक फलक यांवर असते. चौक, वळणे आणि पादचारी असतील तेथे उजेड हवाच. फ्लॅगस्टाफनेही पथदिवे काढून टाकले नाहीत. तो उजेड रस्त्यावरच पडावा, गरजेपुरताच असावा आणि आकाशाला कमीत कमी जाचणाऱ्या रंगाचा असावा, एवढाच त्याचा आग्रह होता.

१८.
मग आला एलईडी. १९९०च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये तेजस्वी निळा एलईडी साध्य झाला. त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४चे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळसर लेप चढवला की पांढरा प्रकाश मिळतो आणि वीजही वाचते. २००९पासून लॉस एंजेलिसने सुमारे १ लाख ४० हजार पथदिवे बदलण्यास सुरुवात केली. हे नवे दिवे झाकलेले होते, उजेड नेमका खाली टाकत होते. त्या अर्थाने ते जुन्या दिव्यांपेक्षा बरे होते. अडचण त्यांच्या रंगात होती.

१९.
हवेतील रेणू निळा प्रकाश पिवळ्यापेक्षा जास्त विखुरतात. दिवसा आकाश निळे दिसते ते याच कारणाने. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरच्या प्रकाशापेक्षा जवळजवळ तिप्पट विखुरतो. त्यामुळे तेवढ्याच उजेडाचा पांढरा दिवा वेधशाळेच्या आकाशात अधिक धुके पसरवतो. २०१६ साली अमेरिकन वैद्यक संघटनेने झोपेवर आणि निसर्गावर होणाऱ्या परिणामांचा विचार करून ३,००० केल्विन किंवा त्याहून उबदार छटेचे पथदिवे वापरावेत, अशी शिफारस केली. तोवर जगभर कोट्यवधी थंड पांढरे दिवे खांबांवर चढले होते.

२०.
फ्लॅगस्टाफपुढे यातून विचित्र पेच उभा राहिला. ज्या कमी दाबाच्या सोडियम दिव्यावर शहराची सारी व्यवस्था उभी होती, त्याचे उत्पादनच २०१९च्या सुमारास थांबले. पांढरे दिवे स्वस्त होते आणि बाजारात सहज मिळत होते. तरी शहराने चाचण्या घेतल्या आणि निळा भाग जवळजवळ नसलेल्या अंबर रंगाच्या एलईडीचा मार्ग धरला. तंत्र बदलले, पण १९५८ साली घेतलेली भूमिका कायम राहिली.

२१.
भारताने हेच स्थित्यंतर फार वेगाने पाहिले. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमात एक कोटीहून अधिक एलईडी दिवे बसले. शहरांची आणि महामार्गांची रात्र पिवळ्याची पांढरी झाली. विजेची बचत खरी होती. त्याच वर्षी मुंबईतील मरीन ड्राइव्हचा ‘राणीचा हार’ पांढरा झाला, तेव्हा मुंबईकरांनी एवढी नाराजी व्यक्त केली की पुढे तेथे पिवळसर छटा परत आणावी लागली. तो वाद शहराच्या सौंदर्याचा होता. पण पथदिव्याचा रंग ही बदलता येणारी गोष्ट आहे, हे त्यातून महाराष्ट्राने पाहिले.

२२.
आकाशाचा प्रश्नही महाराष्ट्राला परका नाही. पुण्याच्या आयुकाने आपली दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ साली शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर, पुणे–नाशिक महामार्गापासून आत असलेल्या गिरवलीला उभारली. शहरात तशा दुर्बिणीचा उपयोग झाला नसता. २०२२च्या डिसेंबरात लडाखमधील हानले परिसर अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. तेथे साडेचार हजार मीटर उंचीवर भारतीय खगोलीय वेधशाळा आहे. आणि २०२४च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. वाघासाठी राखलेल्या जंगलात आता अंधारही राखला जात आहे.

२३.
तरीही काळ उलट दिशेने चालला आहे. २०१६च्या जागतिक नकाशानुसार जगातील एकतृतीयांश लोकांना राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जगभरच्या सामान्य निरीक्षकांनी बारा वर्षांत नोंदवलेल्या ५१ हजारांहून अधिक नोंदी तपासल्या गेल्या. आकाशाची चकाकी सरासरी दरवर्षी साडेनऊ टक्क्यांहून अधिक वाढत असल्याचे त्यातून दिसले. या गतीने, ज्या ठिकाणी बाळाच्या जन्माच्या वेळी २५० तारे दिसतात, तेथे ते अठरा वर्षांचे होईपर्यंत सुमारे १०० उरतील. उपग्रहांना ही वाढ पुरती दिसली नव्हती, कारण त्यांच्या संवेदकांना निळा प्रकाश नीट टिपता येत नाही.

२४.
नद्यांतील विष उतरायला दशके लागतात आणि हवेतील कार्बन शतकानुशतके टिकतो. उजेडाचे प्रदूषण मात्र बटण दाबताच नाहीसे होते. १९४३ साली देवयानीच्या गाभ्यातील तारे लॉस एंजेलिसजवळून टिपता आले आणि १९९४ साली त्याच शहरातील लोकांना आपले आकाश पुन्हा दिसले. एकदा कारण युद्ध होते, एकदा भूकंप. फ्लॅगस्टाफने तेच काम नगरपरिषदेच्या साध्या ठरावाने केले आणि त्याला आता सहा दशकांहून अधिक काळ लोटला आहे.